आधी रंगवलेला निष्कर्ष

परवा नगरच्या सावेडीतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची एक आई कापूस मागायला आली. मुलीला शाळेत शास्त्रज्ञ व्हायचं होतं आणि घरातला कापूस मिशीतच संपला होता. या शास्त्रज्ञाने शोधलं काय, असं मी विचारलं. तिने मोबाईल उघडून शाळेचा मेसेज पाहिला. त्यात पांढरा कोट, चष्मा, दाढी आणि चार ओळींचं भाषण एवढंच होतं. शोधाचा उल्लेख नव्हता.

कापूस दिला. इंग्रजी शाळांची फी मोठी, तेव्हा त्यांचा शास्त्रज्ञही जरा वेगळा असेल असा माझा समज होता. तो गेला.

नोकरीची शेवटची वर्षं मी कर्जत तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवलं. तिथे शास्त्रज्ञाचं स्थान संतांच्या जरा खाली आणि आमदारांच्या जरा वर होतं. तो गरिबीत जन्मायचा. त्याला लहानपणी मास्तर मठ्ठ म्हणायचे, आणि हा भाग मास्तरच मोठ्या आवडीने सांगायचे. मग एके दिवशी त्याच्यासमोर फळ पडायचं, नाहीतर तो न्हाणीतून तसाच पळत सुटायचा, की लागला शोध. मधली वर्षं तो काय करत होता, किती वेळा तोंडावर आपटला, आपलं म्हणणं चुकलं हे त्याला कसं कळलं, यावर परीक्षेत प्रश्न येत नसल्याने ती वर्षं त्याने जगलीच नाहीत असं धरून चालायचं.

प्रयोगांची रीतही या चरित्राला शोभेशी होती. मुलं प्रयोगवहीत आधी निष्कर्ष लिहीत, गाईडमधून. मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं. एवढं करून तास उरलाच तर प्रयोग. हे मी बंद करायला गेले तेव्हा हेडसरांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं की निष्कर्ष सगळ्या जगाला माहीत आहे, मुलांनी तो पुन्हा चुकवायचा कशाला. माणूस वाईट नव्हता. त्यांना विज्ञान आवडायचं, फक्त ते झालेलं आवडायचं.

मी आपली वर्गात लहान लहान भांडणं लावत असे. विकतच्या बाटलीचं पाणी आणि शाळेच्या टाकीचं उकळून गार केलेलं पाणी चवीवरून ओळखता येतं, असं एकदा नववीच्या वर्गाने छातीठोकपणे सांगितलं. मग सारखे पेले आणले, कुठल्या पेल्यात काय हे चाखणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही कळू दिलं नाही. निकाल लागला तेव्हा निम्म्या वर्गाने टाकीचं पाणी बाटलीचं ठरवलं होतं. ज्याला उत्तर हवं आहे त्याच्या हातात मोजपट्टी देऊ नये, एवढंच मी फळ्यावर लिहिलं. पाठ्यपुस्तकात हे नसल्याने बहुतेकांनी उतरवून घेतलं नाही.

एकीने घेतलं. तिच्या वडिलांची लिंबाची बाग होती आणि बोअरचं पाणी खारं. बादल्यांवर, पाइपांवर पांढरा थर बसायचा, झाडांची पानं कडेने करपायची. त्या वर्षी कृषी सेवा केंद्राच्या शेठनी त्यांच्या बोअरच्या पाइपाला एक चुंबकाचं यंत्र आवळून दिलं होतं. पाणी त्यातून गेलं की गोडं होतं आणि पीक जोमाने वाढतं, असा त्यांचा दावा होता. तूर्त वापरून बघा, विज्ञान दिनाला मी शाळेत येणारच आहे, त्यानंतर सांगा, म्हणाले होते. वडिलांपुढे दोन रस्ते होते. बागेचं फुटकं ठिबक बदलायचं, नाहीतर हे यंत्र ठेवून घ्यायचं. दोन्ही होण्यासारखं नव्हतं.

मुलीने मला विचारलं की हे तपासता येईल का. मी म्हटलं, तूच सांग कसं. दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली: यंत्राच्या अलीकडे एक कॉक आहे, पलीकडे एक. पाणी एकाच बोअरचं. दोन ट्रे, सारखी माती, सारखा हरभरा. कुठल्या ट्रेला कुठलं पाणी ते ट्रेच्या बुडाला लिहायचं आणि उंची मोजायला मैत्रिणीला बसवायचं, तिला काही न सांगता. माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे सर्वांत चांगलं उत्तर, आणि त्याला गुण द्यायला कुठे रकाना नव्हता.

हेडसरांनी हा प्रयोग शाळेच्या प्रदर्शनात लगेच घेतला, कारण प्रमुख पाहुणे आणि परीक्षक दोन्ही शेठच होते. शिवाय पेंटर त्याच आठवड्यात येणार होता. ज्वालामुखी, पवनचक्की, सौरमंडळ यांचे फलक तो एकदम रंगवत असे. मी एका प्रशिक्षणाला नगरला गेले होते. परत आले तेव्हा हिरव्या ऑइलपेंटमध्ये, खाली पांढऱ्या सावलीसह, फलक तयार होता. निष्कर्ष: चुंबकीय पाण्याने पिकाची वाढ जोमाने होते. हरभरा अजून भिजतही घातला नव्हता.

हरभऱ्याने फलक वाचला नाही. दोन्ही ट्रे सारखेच वाढले. मैत्रिणीच्या मोजणीत फरक असा पडेना. हेडसर रोज व्हरांड्यात येऊन ट्रेकडे अशा नजरेने पाहत, जणू रोपांनी शाळेचा विश्वासघात केला आहे. शेवटी त्यांनी मुलीला बोलावून मऊपणे सुचवलं की दोन दिवस त्या साध्या पाण्याच्या ट्रेला पाणी जरा कमी घालावं.

मी तिथेच होते. मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "मग ते कमी पान्यानं व्हईल ना सर. चुंबकानं न्हाई."

हेडसर म्हणाले की फलक रंगवून झाला आहे. यावर मी फलक पुसू या म्हटलं, तर ऑइलपेंट पुसत नाही असं उत्तर मिळालं. शास्त्रशुद्ध म्हणावं असं त्या आठवड्यातलं त्यांचं ते एकमेव विधान.

मुलीला बक्षिसाची चिंता नव्हती. तिची चिंता साधी होती आणि ती तिने मला जाता जाता सांगितली. वडील प्रदर्शन बघायला येणार होते, बघून काय ते ठरवणार होते. शाळेने एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हटल्यावर ते खरंच धरतील. पोरीच्या तोंडी शब्दापुढे रंगवलेला फलक केव्हाही जड.

विज्ञान दिनी मंडपात शास्त्रज्ञांची रांग उभी होती. उन्हाने डिंक पातळ होऊन दाढ्या गळ्याशी आल्या होत्या. एकजण भाषण विसरला, तेव्हा शेजारच्याने त्याला आपलं दिलं. फळ पडण्याचा शोध न्हाणीतल्याच्या नावावर गेला आणि टाळ्या पडल्या. शेठचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि विज्ञानाचा प्रकाश खेड्यापाड्यात नेणारे, वगैरे. पुढे ज्वालामुखीने सोडा आणि व्हिनेगर ओकलं, शेठनी मान डोलावली, आणि रांग हरभऱ्यापाशी आली.

मुलीचे वडील बाजूला उभे होते, टोपी हातात. ते फलक वाचत होते, ओठ हलवत.

शेठनी फलक मोठ्याने वाचला, शाळेचं कौतुक केलं आणि विचारलं की यातला आपला ट्रे कुठला. ट्रेवर कुठेच काही लिहिलं नव्हतं.

"तुमीच वळखा की," मुलगी म्हणाली.

उद्धटपणा नव्हता त्यात. वर्गात पेले मांडले होते, तसेच तिने ट्रे मांडले होते. हेडसर मध्ये काही बोलू पाहत होते, पण शेठना आव्हान आवडलं. ते वाकले, एका ट्रेतली पानं बोटाने कुरवाळली, म्हणाले, "हा. अहो, तेज दिसतंय ना! शेतकऱ्याला सांगावं लागत नाही."

तिने ट्रे उचलून बूड दाखवलं. साधं पाणी.

मागच्या बाकांवरून हशा पिकला. शेठनी तो प्रेमळपणे घेतला, मातीचा फरक असेल म्हणाले, आणि दाढ्यांकडे वळले. पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. हरभऱ्याला उत्तेजनार्थही नाही.

मलाही त्या हशाचा आनंद झाला, हे खरं. पण तो आनंद फुकटचा होता. नाणं उडवून ट्रे निवडला असता तरी निम्म्या वेळा असंच झालं असतं. शेठ चुकले यावरून यंत्राबद्दल काहीच कळत नव्हतं. मंडपात हे कुणाला सांगावं असा विचार करत मी बापलेकीपाशी गेले, तर वडील हसत म्हणत होते, "शेठची चांगली जिरली. म्हंजे यंत्र खोटंच हाय."

मुलगी हसली नाही. "ते चुकले म्हनून न्हाई, आण्णा. त्यांनी बरोबर वळखला असता तरी मी हेच सांगितलं असतं. दोन्ही ट्रे मोजलेत. सारखेच हायेत."

वडिलांनी दोन्ही ट्रेवर आळीपाळीने हात फिरवला. मग पुन्हा वर पाहिलं. एवढ्या चांगल्या अक्षरातलं काही खोटं असेल, हे त्यांना अवघड जात होतं.

"मग तिथं का लिवलंय तसं?"

"ते आधी लिवलं हुतं," ती म्हणाली.

वडिलांनी टोपी घातली. पुढच्या सोमवारी मी एसटीने शाळेत जाताना ते कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर दिसले, हातात पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेलं पितळी यंत्र. आवळलेल्या जागेचा पांढरा थरसुद्धा त्यांनी पुसला नव्हता. फलक मात्र शाळेने जपून ठेवला. पुढच्या वर्षी दुसरा हरभरा मिळाला तर लागेल म्हणून.