थांबण्यास तयार असल्याचे वाक्य

अर्जदार: बबन, टॅक्सीचालक. वेळ: सोमवार, कचेरी उघडताना. साक्षीदार: मी, कचेरीबाहेर बसणारा अर्जलेखक, आणि समोरचा कडुनिंब.

सदर वेळी अर्जदार आपल्या विजेच्या गाडीची काच ओल्या फडक्याने पुसत होता. बॅटरी निकामी झाल्यापासून गाडी त्या कडुनिंबाखालून हललेली नाही, तरी काच तो रोज पुसतो. आजारी पत्नीला याच गाडीतून तो जिल्ह्याच्या इस्पितळात नेत असे. एसटीचे धक्के आता तिला सोसवत नाहीत.

आमच्या अर्जांना उत्तर देताना गाडीची कंपनी कळवते की नवी बॅटरी येत आहे, ती दुप्पट चालेल, आणि पुढचे मॉडेल तर चहा संपेपर्यंत चार्ज होईल. उद्याचे सुख इतक्या तपशिलाने सांगणाऱ्यांना आजची एक बंद गाडी कशी दिसत नाही, हे माझ्या बुद्धीस उमगत नाही.

"भाऊसाहेब, तुमचं अक्षर लई सुंदर," बबन फडके पिळत म्हणाला. "पण त्यांना तेवढं एकच वाक्य वाचता आलं."

अर्जाच्या शेवटी नम्रतेचे एक वाक्य घालण्याची माझी जुनी पद्धत आहे. त्याच्या पहिल्या अर्जात मी लिहिले होते, 'अर्जदार थांबण्यास तयार आहे.' कंपनी प्रत्येक उत्तरात तेच आमच्यापुढे धरते.

पुसलेल्या काचेत मला माझाच चेहरा दिसला.

तरी विनंती की, सदर वाक्य अर्जदाराचे नसून माझे आहे, ते रद्द समजावे. त्याची पत्नी थांबू शकत नाही. आज चालेल अशा बॅटरीबाबत लेखी उत्तर मिळावे.