शुक्रवारचा मुक्काम

विलायतेहून त्याचं पत्र आलं, तेव्हा मी झरीच्या खासगी शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेत होतो. पाकिटावरचं परदेशी तिकीट पाहून पोरांनी गलका केला. मी पाकीट न फोडता सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि सतराचा पाढा तीनदा म्हणायला लावला. पोरांचा काहीच गुन्हा नव्हता.

पत्र संध्याकाळी फोडलं.

"आपलं बेट आठवतं ना?" त्याने लिहिलं होतं. "मी तिथं चाललोय. दोन महिन्यांनी आम्हाला चार दिवस मोकळे आहेत. बरोबरच्या दोन इंग्रज पोरांकडे एक जुनी उघडी मोटार आहे. मी त्यांना सांगून ठेवलंय, की रस्ता माझा दोस्त ठरवणार, तो परभणीकडे असतो. आपलं तसंच ठरलं होतं. मोटार मी आणायची, रस्ता तू ठरवायचा. सोबत नकाशा आहे. अट एकच. सोमवारी सकाळी मी दवाखान्यात हजर पाहिजे. सरकारी वजीफ्यावर शिकणाऱ्याची गैरहजेरी इथून थेट हैदराबादला कळते. माझ्या नावापुढं आधीची एक खूण आहे, ती तुला माहीत आहे. दुसरी पडली तर वजीफा बंद, शिक्षण बंद."

ते बेट आम्हाला परभणीच्या शाळेत सापडलं. आम्ही एका बाकावर बसायचो. भूगोलाच्या तासाला भिंतीवर विलायतेचा नकाशा टांगलेला असे, नावं सगळी उर्दूत. त्यात अगदी वर, डाव्या अंगाला, स्कॉटलंडला खेटून एक बेट होतं, कुत्र्याने दातात धरून ओढलेल्या फडक्यासारखं. मास्तरांनी एकदा सांगितलं, तिथं नुसते खडक, वारा आणि मेंढ्या. रेल्वे नाही. जायचं तर मोटार नावेत घालून पलीकडे न्यायची आणि खडकांतल्या रस्त्याने फिरायचं. झालं. त्या दिवशी आम्ही ते बेट घेऊन टाकलं.

आमच्याकडे, हैदराबाद संस्थानात, साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. शाळा बंद, कचेरी बंद. दर शुक्रवारी आम्ही पेडगावला त्याच्या मळ्यात जायचो आणि विहिरीचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यावर पाय सोडून बेत आखायचो. पहिल्या दिवशी नाव. शेवटी उत्तरेचं टोक, जिथून पुढं नुसतं पाणी. मधे एक मुक्काम, कारण शुक्रवारी मोटार हलवायची नाही, असा नियम आम्ही केला होता. शुक्रवारी पेट्रोल कोण देणार, असा आमचा रास्त सवाल होता. टोकावर पोचल्यावर काय करायचं, यावर मात्र कधी एकमत झालं नाही. तो म्हणायचा, जोरात ओरडायचं. मी म्हणायचो, पत्रकं वाटायची.

"कुणाला?" तो विचारायचा. "मेंढ्यांला?"

माझा दोष नव्हता. मी वाचायला शिकलोच पत्रकांवर. ती सरकारविरुद्धची, म्हणून वडील ती हद्दीपलीकडून, वऱ्हाडातून, चोरून आणायचे आणि कणगीत ज्वारीखाली दडवायचे. मॅट्रिकच्या वर्षी आमच्या दोघांच्या दप्तरांत एकच पत्रक सापडलं. त्याला ते मीच दिलं होतं. हेडमास्तरांनी दोन कोरे कागद आमच्यापुढं ठेवले आणि माफीनामा लिहायला सांगितलं. त्याने लिहिला. मी कागद परत सरकवला. त्याला नावापुढं खूण करून ठेवून घेतलं, मला काढून टाकलं.

फाटकाबाहेर तो म्हणाला, "कागदच हाय ना रे तो."

मी म्हणालो, "पत्रकबी कागदच होतं."

ते उत्तर बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं. जुलमापुढं सही करणारा हात थोडा थोडा जुलमाचाच होत जातो, हे मी नंतर पुष्कळदा लिहिलं, आणि लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं नेहमी त्याचा हात असे. तो हैदराबादला गेला. तिथून वजीफा घेऊन विलायतेला. मी झरीला आलो.

त्याचा मला तिरस्कार वाटतो, असं मी मनाशी म्हणत आलो. तिरस्कार म्हटलं की मान ताठ राहते. पण त्या संध्याकाळी नकाशा उघडला, आणि मी जळतोय हे मला समजलं. त्याच्या वजीफ्यावर नव्हे, डॉक्टरकीवरही नव्हे. ते मी माझ्या हाताने परत सरकवलं होतं. बेट मी कुठं सरकवलं होतं? ते कुणी माझ्याकडे मागितलंसुद्धा नव्हतं.

रागारागानेच बेत आखायला बसलो, आणि तो फार चांगला जमत गेला. छळ होता तो हाच. शाळा सुटली की मी दोरा ओला करून नकाशातल्या वळणांवर बसवायचो आणि मग सरळ करून मैल मोजायचो. कुठल्या खाडीशी उजवीकडे वळायचं, कुठला चढ दिवस असतानाच संपवायचा, सगळं लिहिलं. आठ दिवस मोटार मी चालवत होतो आणि तो मागं बसला होता. कधीकधी तर मी त्याला खाली उतरवून पुढं जायचो.

गुरुवारी नावेतून पलीकडे. शुक्रवारी मुक्काम. शनिवारी दिवसभर मोटार चालवून उत्तरेचं टोक. रविवारी दुपारी नावेने परत आणि पुढं मोटार न थांबवता सोमवारी सकाळी दवाखाना. 'शुक्रवारी मुक्काम' लिहिताना लेखणी अडली नाही. हात सवयीने चालला. नकाशाची, दिवसांच्या हिशेबासकट, एक प्रत माझ्याकडे उतरवून ठेवली आणि बेत टपालात टाकला.

पंधरा-वीस दिवसांनी मी पूर्णेला मामांकडे गेलो. मामा तिथं इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. जेवण झाल्यावर मी त्यांच्यापुढं ती प्रत उलगडली.

"तू जायलास का काय?" मामांनी विचारलं.

"न्हाई. दोस्त जायलाय."

"मंग तू कशाला एवढा घाम गाळायलास? दुसऱ्याच्या वरातीत घोडा धरल्यावानी." मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "थांब. ह्येच फडकं आमच्या म्हाताऱ्या साहेबाच्या भिताडाला लटकलेलं हाय. त्याचं गाव म्हनं ते."

त्यांचा फोरमन गोरा होता. मी सरळ सांगितलं, की गोऱ्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही.

"नको ठिवू," मामा म्हणाले. "तू फाटकाबाहीर हुबा ऱ्हा. कागद आत जाईल. त्याला काई तत्त्व न्हाईत."

साहेबच बाहेर आला. नखांत काळं वंगण, चष्म्याची एक दांडी सुतळीने बांधलेली. माझ्या पत्रकांतल्या गोऱ्यांना घरगुती सुतळी कधी लागत नसे. त्याने कागद फाटकावर पसरला आणि एका खाडीवर बोट ठेवलं.

"इधर हमारा घर," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "तुम उधर कब गया था?"

"नहीं गया."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मामांनी त्याला दिवसांचा हिशेब समजावला. रविवार आला तसा त्याने हात वर केला.

"संडे को नाव नहीं चलता. संडे को उधर मुर्गा भी मुँह बंद रखता. सब लोग गिरजा में." त्याचं वंगणाचं बोट शुक्रवारवर आलं. "और फ्रायडे को काहे बैठता? फ्रायडे अच्छा दिन है. फ्रायडे को ऊपर जाने का, शनिचर को नाव पकड़ने का. जल्दी खबर करो."

परतताना मामा हसत होते. "बघ, तुजा जुम्मा तिकडं चालत न्हाई."

मी त्याच दिवशी निळ्या कागदावर पत्र लिहिलं. पहिली ओळ: रविवारी नाव चालत नाही, शनिवारी परत ये. दुसरी ओळ: शुक्रवारी थांबू नकोस, त्याच दिवशी वर टोकाला जा. हवाई टपालाने ते वेळेत पोचलं असतं.

ते मी टाकलं नाही.

पहिल्या दिवशी टपालाची वेळ टळली. दुसऱ्या दिवशी टळली नव्हती, तरी टाकलं नाही. पत्र खिशात घेऊन शाळेत जात होतो, येत होतो. मनात एक चित्र येई. रविवारची दुपार, बंद नाव, काठावर तो आणि पलीकडे त्याचा सोमवार. दुसरी खूण. वजीफा बंद. मग तो परत येतो, पेडगावच्या मळ्यात थारोळ्यावर माझ्या शेजारी बसतो, आणि आम्ही दोघं सारखे होतो. त्या चित्रात मी त्याला रागावतसुद्धा नसे. त्याचं शिक्षण बुडालेलं मला हवं होतं, हे एका ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला ते नाकारता येणार नाही. दिवसा मी पोरांना न्यायावर निबंध सांगत होतो.

होता होता दिवस सरले. तो निघायला दोन-तीन दिवस उरले असतील, तेव्हा मामा कामानिमित्त झरीला आले आणि शाळेच्या दारातूनच ओरडले.

"आरं, धाडलं का त्येला कळवून? साहेब रोज जीव खायलाय. काल बॉयलरमधी डोस्कं घातलं होतं त्यानं, तितूनच इचारलं, 'तुमारा भांजा का दोस्त को खबर हुआ?' काय सांगू त्येला?"

"टाकलंय पत्र," मी म्हणालो.

मामांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. निळ्या कागदाची कड वर आली होती. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "चल पूर्णेला. आता तारच पोचंल."

वाटेत मामा फक्त गाडीच्या वेळेचंच बोलले. मला वाटत होतं, त्यांनी मला दोन शब्द सुनवावेत. ज्या माणसाच्या दारात मी पाय ठेवला नव्हता, तो बॉयलरमधून माझ्या दोस्ताची काळजी करत होता, आणि मी पत्र खिशात वागवत होतो.

तारेच्या खिडकीवर बाबूने कागद पुढं सरकवला. मी लिहिलं: रविवारी नाव नाही, शनिवारी परत ये. खाली जागा होती. खिशात दुसरी ओळ तयार होती, नुसती उतरवायची होती. त्याचा सोमवार वाचला तरी टोक राहणार होतं, कारण शुक्रवार मुक्कामात जाणार आणि शनिवार परतीत. हे मला चांगलं ठाऊक होतं. साहेबाचं बोट मला त्या शुक्रवारवर दिसत होतं.

"और कुछ?" बाबूने विचारलं.

"बस," मी म्हणालो.

त्याचा वजीफा वाचवायला तेवढं पुरे होतं. उत्तरेचं टोक त्याच्या हाती ठेवायला मी बांधील नव्हतो.

महिन्याभराने त्याचं पत्र आलं. या वेळी मी ते वर्गातच फोडलं.

"निघायच्या आदल्या दिवशी तुझी तार मिळाली. तू नसतास तर मेलो होतो. सोमवारी हजेरीला पहिला मीच. शुक्रवारी सकाळी त्या दोघांनी मोटार बाहेर काढली. म्हणाले, उद्याच परतायचं तर आजच टोक गाठू. मी नको म्हणालो. आमच्यात शुक्रवारी मोटार हलत नाही, असं सांगितलं. ते दोघं इतके चिडले की दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण एवढ्या घाईच्या तारेतसुद्धा तू आपला शुक्रवार बदलला नाहीस, हे मला दिसलं होतं. एकदा तू कागद परत सरकवलास आणि मी लिहून दिला. या वेळी म्हटलं, तुझ्या बाजूने बसू. खिडकीत बसून पाऊस पाहिला. टोक राहिलं. राहू दे. ते आपण दोघं बघू."

टोक त्याला दिसलं नाही, एवढं वाचून मला आधी आनंद झाला. शुद्ध, पोरकट आनंद. बाकीचं पत्र मी त्यानंतर पुन्हा वाचलं. शाळा सुटेपर्यंत मी पाढे घेतले नाहीत. मी मत्सराने गाळलेली ओळ त्याने निष्ठा म्हणून पाळली होती, आणि मग त्या निष्ठेचाही मला हेवा वाटला. बेट त्याला मिळालं, वजीफा मिळाला, आणि आता दोस्तीत मोठेपणाही त्याच्याच वाट्याला गेला.

मामांनी विचारलं, "पोचला का गडी वरपर्यंत? साहेब इचारायलाय."

"न्हाई पोचला."

"आन् का?"

"शुक्रवार होता," मी म्हणालो. साहेबाला मामांनी काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

त्याला मी उत्तरात पावसाबद्दल लिहिलं, कापसाबद्दल लिहिलं. तारेबद्दल नाही. ते निळं पत्र अजून माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटत आलेलं. हेडमास्तरांपुढचा कोरा कागद मी परत सरकवला होता, आणि त्यांच्यासाठी तो आजही कोराच ठेवीन. ही सगळी हकीगत लिहून हा कागद मी भरला, तो त्याच्यासाठी. छापून आला की त्याला पाठवणार आहे. वाचून तो कदाचित मोटार काढेल आणि एखाद्या शुक्रवारी एकटाच टोकापर्यंत जाईल. जा, असं मी म्हणायला हवं. अजून म्हणवत नाही.