खदान पाहायची राहिली

बेसमेंटात ओल धरली की तोच वास येतो आणि ती खदान आठवते. मुलानं आम्हा दोघांना कॅनडातल्या कॅल्गरीहून गाडीनं नेलं होतं. कोळशाची जुनी बंद खदान, आता तिकीट लावून दाखवतात. मी चंद्रपूरकडे तीस वर्षं खदानीतच काढली, मला काय दाखवणार! बायको मात्र हट्टाला पेटली, "तुम्ही रोज कुठं उतरत होते, ते मले एकदा पाहू द्या नं." मी म्हटलं, "खदानीत बाईनं उतरायचं नसतं. गाडीत बस." ती बसली. आत गेलो तर बॅटरी धरून पुढं चालणारी गाईड विशीतली पोरगी. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आईला बोलवू?" मी म्हटलं, "चल पुढं." काळ्या भिंतींवरून पाणी ठिबकत होतं, छत हाताला लागत होतं, पण माझं ध्यान बाहेरच्या गाडीकडं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "इथंही बाया जात नाहीत नं?" मी म्हटलं, "नाही." मुलानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. आता तिचे गुडघे गेले, जिना उतरवत नाही. घरी कुणी आलं की अजून कौतुकानं सांगते, "तिथं बायांना मनाई आहे, नाहीतर हे मले नेणारच होते." मी ऐकतो, आणि पाहुण्यांना चहा घ्या म्हणतो.