भुशात गुंडाळलेला पाइप

वृद्धाश्रमाच्या फिटरला सगळे मामा म्हणत. थोरली बहीण मात्र अजून ठेंगू म्हणायची. आई गेल्यावर तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, तेव्हा तो हक्क तिचाच. ती आश्रमाच्या मागच्या इमारतीत राहायची. तिच्या बोटांचे सांधे असे धरले होते, की सकाळी गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय स्वेटरचं बटणसुद्धा लागत नसे.

बॉयलर पुढच्या इमारतीला लागून. मागे जाणारा पाइप अंगणाखालून, वर काही न गुंडाळता तसाच पुरलेला. वाटेत सगळी ऊब माती खायची आणि मागे पोचायचं ते नावापुरतं कोमट पाणी.

मॅनेजरबाईंनी एकदाचं सांगून टाकलं, "मामा, या थंडीत मागं गरम पाणी पोचलं नाही तर ती इमारत बंद. माणसं दुसऱ्या गावी पाठवणार. पुढं जागाच नाही." पाइपावर चढवायचं तयार वेष्टन बाजारात मिळतं, पण ते आणायला वरून होकार येत नव्हता. "बघा, घरच्या घरी काही जमतंय का."

मामांनी पाइपाभोवती बांधायला सुताराकडून पोती भरभरून भुसा आणला.

"पाइप बाळंत झाला की काय, फिटरसाहेब?" सुतार म्हणाला. "एवढं कोण गुंडाळतं?"

"थंडी वाजते त्याला."

"नशीबवान आहे. माझी बायको मला साधं पांघरूण देत नाही."

मामांनी चर खणला. भुसा उन्हात खडखडीत वाळवला, जुन्या रजयांच्या खोळींत भरला, पाइपाभोवती बांधला. वरून जाड प्लास्टिक, कडा डांबरानं बंद. बाहेरचा थेंब आत जाण्याची सोयच ठेवली नाही. पाइपाचा एक गंजका तुकडाही बदलला. त्याचा जोड पाणी तापवून बघायचा आणि मगच माती ओढायची, ही साधी रीत. पण त्या दिवशी बॉयलर सफाईसाठी बंद होता, ताईची बोटं रोज जास्तच वळत चालली होती, आणि आपला जोड आजवर कधी गळला नाही, हा भरवसा होताच. त्यांनी थंड पाण्यावर जोड बघितला आणि माती ओढली.

पहिल्यांदा दृष्ट लागावी असं पाणी आलं. ताईनं नळाखाली हात धरले.

"ठेंगू, भाजलं की रे मेल्या!" ती म्हणाली आणि खुदकन हसली.

मग पाणी निवत गेलं. मामांनी बॉयलरची आच वाढवली, तरी फरक नाही. अंगणातल्या एका पट्ट्यावर आश्रमातली मांजरं मात्र ओळीनं पसरू लागली.

"मामा, मांजरांची सोय झकास केलीत," एक आजोबा म्हणाले. "आता आमचंही बघा."

मामा फावडं घेऊन आले. मांजरांची दाटी होती तिथंच त्यांनी खणलं. प्लास्टिकला चीर दिली तर भुशाचा ऊन ऊन लगदा पायांवर आला. जोड तापला की झिरपत होता. ते पाणी प्लास्टिकनं बाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि भुसा या टोकापासून त्या टोकापर्यंत पिऊन बसला होता. कोरडा असता तर ऊब धरून राहिला असता, ओला झाल्यावर त्यानं ती मातीच्या हवाली केली.

"चूक माझी आहे, बाई. भुसा बदलतो, जोडही बदलतो."

"मामा, गाडी ठरली आहे," मॅनेजरबाई खाली बघत म्हणाल्या. "आता माझ्या हातात नाही."

ताई पलंगावर तयार होऊन बसली होती.

"ताई, जोड मी तापवून बघितला नाही."

"बरं. मग आता रडत बसणार आहेस? हे बटण लाव."

मामांनी बटण लावलं. सगळ्यात वरचं लागेना, ते तिनं तसंच राहू दिलं. गाडी आली आणि ताई गेली. जाताना पत्ता नीट लिहून घे म्हणाली. त्यांनी घेतला. तिकडं जायचं म्हणजे डोंगर चढायचा, आणि त्यांचे गुडघे जिन्यालाच नाही म्हणत होते.

मागची इमारत रिकामी झाली तसा त्या वाटेचा व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम आला. मामांनी तो बंद केला. सगळं गरम पाणी आता पुढंच राहिलं.

सकाळी पुढच्या इमारतीतल्या आजी न्हाणीघरातून ओरडल्या, "अहो मामा, आज पाणी काय कडक आलंय! तुमच्या हाताला यश आहे हो!"

मामांनी मान हलवली आणि फावडं घेऊन ते चर बुजवायला गेले.