हिवरापासून डाव्या हातानं

माहं नाव सैफुद्दीन. शेलूबाजारच्या चौकात, जिथं मंगरूळपीरच्या जीपगाड्या भरतात, तिथं माहं ऑनलाइन सेंटर आहे. घरकुलाचा असो, राशनचा असो का पीकविम्याचा, पंधरा वर्सं झाले, या भागातले सारे अर्ज माह्या हातून जाऊन राह्यले. माह्या हातचा अर्ज वापस येत नाही, असं मी छाती ठोकून सांगत होतो. होतो म्हनतो, कारन मंधात मंजू आली.

मंजू म्हनजे भोजू नायकाच्या तांड्यावरच्या भाऊसिंगची पोरगी. बीएस्सी झाली अन् माह्या दुकानात टायपिंगले बसली. पोरगी कामाले पक्की, पन तिचं ध्यान कुठी असन याचा भरोसा नाही. समोर गिऱ्हाईक उभं, आधार कार्ड टेबलावर, अन् बाईसाहेब खिडकीतून हायवेकडं पाहून राह्यल्या!

"काय पाहून राह्यली वं?" मी खेकसलो का ती दचकून म्हने, "चाचा, तो ट्रक कोन्या कोन्या गावावरून आला असन, त्याचा रस्ता मनात काढून राह्यली." टेबलावर चहा सांडला तर पुसाच्या आधी ती बोटानं त्याच्या नद्या काढे. मी डोकं धरून बसू.

तिच्या डोक्यात एक नकाशा बसला होता. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेला, फुकट. त्याच्या मागचा सारा प्रोग्राम उघडा ठेवलेला, कोनीही पाहावा, कोनीही दुरुस्त करावा. याले ओपन सोर्स म्हनतात, हे मले तिनंच सांगतलं. नवीन मानसानं तिथं अर्ज करायचा. निवड झाली तर एक जानकार मानूस तीन महिने हाताशी धरून शिकवते. त्याले मेंटर म्हनतात. पैसेही भेटतात, अन् गाव सोडा लागत नाही.

मंजूचं दुखनं एवढंच, का नकाशा इचारते रस्त्याचं नाव अन् घराचा नंबर. तांड्यात कोनाच्या घराले नंबर आहे? तिचा बाप रस्ता सांगते तो असा: फाट्यावरच्या टाकीपासून उगवतीले, दोन निंबाच्या मंधातून, अन् हिवराच्या झाडापासून डाव्या हातानं. असं सांगून नकाशात जागा सापडली पाह्यजे, हे त्या पोरीचं सपन.

मागच्या साली तिनं पह्यला अर्ज केला. तिनं काय केला, मीच केला! दोन पानं भरून तिनं लिहिलं होतं, मले काय येते, काय येत नाही, कुठी अडकली. मी म्हनलं, सरक बाजूले, आपल्याले काय येत नाही हे कोनी अर्जात लिहिते काय? सारं खोडलं. लिहिलं, 'मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.' त्याचं इंग्रजी केलं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, वरून सरपंचाचं पत्र गोल शिक्क्यासकट जोडलं. असा भरभक्कम अर्ज मी मंत्र्यालेही नसता केला.

दोन ओळीत वापस आला. 'तुम्ही नेमकं काय करणार आहात, ते आम्हाला कळलं नाही.'

मंजूनं ते वाचलं. उठली अन् एका म्हाताऱ्याचं बँक पासबुक झेरॉक्स करू लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मले त्या दिवशी माह्याच हाताचा राग आला.

भाऊसिंगनं तिले एक साल अजून देल्लं. "दिवाळीनंतर पंधरा दिवस पाह्यतो," तो म्हने. "नाही जमलं तर राजपालसंगं पुन्याले जाय." राजपाल तिचा भाऊ, तिकडं कंपनीत पॅकिंग करते. पॅकिंगच्या कामात काही वाईट नाही. पन खोक्यावर टेप मारता मारता ही पोरगी खिडकीबाहेर पाहीन अन् कोनी तरी तिच्यावर खेकसन, असं माह्या डोळ्यासमोर येत जाय.

यावेळी अर्ज तिनं तिच्या पद्धतीनं सुरू केला. चैत्रापासूनच. आधी नकाशाच्या प्रोग्राममधल्या बारीक बारीक चुका दुरुस्त केल्या. एक बटन चालत नोतं, एक मराठी ओळ पडद्याबाहेर जात होती. तिकडचे लोक तिच्या कामात चुका काढत, ती सुधरून पुन्हा पाठवे. इनेस नावाच्या एक मेंटर बाई होत्या, पोर्तुगालच्या, त्यायच्यासंगं तिचं रोजचं लिहिनं चाले. ज्या अर्जाले सहा महिने लागतात, असा अर्ज मी जिंदगीत पाह्यला नोता. पन तोंड बंद ठेवलं.

आखरी तारखेले दोन दिवस राह्यले अन् इनेसबाईंनी इचारलं, 'हा रस्ता तुझ्या वडिलांनी सांगितला. पण जो कधीच तिथे गेला नाही, असा माणूस यावरून पोचला आहे का?'

मंजूचा चेहरा उतरला. जीपवाल्यायले तांडा पाठ, गावातल्यायले पाठ. मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. "चाचा, तुमी कधी आमच्या तांड्यावर आले काय?"

पंधरा वर्सं मी त्या तांड्याचे दाखले काढले. अर्ध्या तांड्याच्या जन्मतारखा मले तोंडपाठ. अन् तांडा? एक वेळही पाह्यला नोता. मले शरम वाटली. म्हनलं, "उद्या सकाळी जातो."

जीपनं मले फाट्यावर सोडलं. हातात मोबाइल, त्यात मंजूनं बनवलेला रस्ता. टाकी भेटली, उगवतीले चाललो. सोयाबीन निघून गेलं होतं अन् खांद्याएवढी तूर हलून राह्यली होती. कुठी तरी दूर मळणी चालू होती, त्याचा घुईंऽऽ असा आवाज येई अन् मंधातच विरून जाय. दोन निंब भेटले. त्यायच्या मंधातून पायवाट अशी मऊ गेली होती, का आपन चालून राह्यलो हेच मी विसरलो. माह्या दुकानापासून एवढ्या जवळ एवढी शांतता असन, हे मले कोनी सांगतलं नोतं.

हिवर मात्र कुठीच दिसेना. चाललो, अजून चाललो. तूरच तूर. मोबाइल म्हने, हिवरापासून डाव्या हातानं. अरे, पन हिवर कुठी आहे बापा! अर्धा घंटा फिरून एका शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसलो. उन्हात आभाळ पानी पेल्यासारखं निवांत दिसून राह्यलं होतं. मले वाटलं, मंजू खिडकीतून पाह्यते ते हेच असन. मंग तहान लागली अन् माहं डोकं फिरलं. जोरजोरानं बोंबललो.

तुरीतून भाऊसिंग बैल घेऊन निघाला. मले पाहून त्याले हसू आवरेना.

"हिवर कुठी आहे तुमचा?" मी वरडलो.

"हिवर? तो तर पोळ्याच्या आधीच वादळात पडला, सैफूभाई. लाकडंही जळून गेले."

"मंग सांगतला काहून?"

भाऊसिंग खरंच इचारात पडला. डोकं खाजवून म्हने, "आमाले तर तो अजून तिथंच दिसते."

त्यानं मले घरी नेलं. बेबीबाईनं, मंजूच्या मायनं, पानी देल्लं, भाकर देल्ली. दुपारी दुकानात आल्या आल्या मी मंजूले म्हनलं, "लिही, मानूस बरोबर पोचला."

"पोचले काय तुमी?"

"पोचलो ना शेवटी! अर्जात आपली चूक लिहून अर्ज मंजूर झालेला पाह्यला काय कधी?"

ती हळूच म्हने, "मागच्या साली चूक नोती लिहिली, चाचा. झाला काय मंजूर?"

 तिनं खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढं घेतला. "तुमी सांगा, जसं झालं तसं. मी लिहून राह्यली."

मी सांगतलं. टाकी, निंब, तूर, धुरा, माहं बोंबलनं, सारं. पंधरा वर्सात हजारो लोकायचे अर्ज लिहिले, पन खरं झालेलं असं सरळ कधी कोन्या कागदावर उतरवलं नोतं. त्याच्या खाली मंजूनं तिचं काम मांडलं: झाड, टाकी अशा रस्त्यावरच्या प्रत्येक खुनेसंगं ती आखरी कोनी, कधी पाह्यली हे ठेवायचं. चालनाऱ्याले इचारायचं, झाड आहे का गेलं? अन् गेलेलं झाड पुसायचं नाही, कारन लोक अजून त्याच्याच नावानं रस्ता सांगतात. एकही दाखला जोडला नाही. दुसऱ्या दिवशी, आखरी तारखेले, मुदत सरायच्या एक घंटा आधी तिनं अर्ज पाठवला.

दिवाळी झाली. पंधरा दिवस सरत आले. दिवाळीले घरी आलेल्या राजपालनं दोन तिकिटं काढली. मंजूनं तिची बॅग आनून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली, संध्याकाळी इथूनच बस होती. त्या दुपारी ती कोनाचं तरी राशन कार्ड भरून राह्यली होती. मंधातच थांबली, पडद्याकडं पाह्यलं, उठली अन् खिडकीपाशी जाऊन उभी राह्यली.  गेला अर्ज, मी मनात म्हनलं.

मी पडद्यावर बोट ठेवून एक एक शब्द वाचला. निवड झाली होती. खाली इनेसबाईंनी लिहिलं होतं, 'तुझा माणूस जिथे चुकला, तिथूनच काम सुरू करू.'

मी रडलो. खोटं कायले सांगू. गिऱ्हाईक म्हने, चाचा, माहं राशन कार्ड? म्हनलं, थांब रे जरासक.

बॅग दोन दिवस तशीच कोपऱ्यात राह्यली. आता मंजू माह्याच दुकानात बसून तो नकाशा शिकवते अन् शिकते. अजूनही खिडकीबाहेर पाह्यते, मी खेकसत नाही. पडलेल्या हिवराच्या जागी तिनं नकाशात लिहून ठेवलं, 'सैफूचाचा चुकले ती जागा.' मी लय तणतणलो, सारा तांडा हसला, जीपवाले तेच बोलू लागले.

परवा एक कुरिअरवाला दुकानात आला. भाऊसिंगच्या घरचा रस्ता इचारू लागला. मी म्हनलं, "टाकीपासून उगवतीले, दोन निंबाच्या मंधातून जाय, अन् मी चुकलो तिथून डाव्या हातानं."

तो सिद्धा पोचला.