आमचाच कोयता

‘कोयता’ हा शब्द कानावर आला, की पाथर्डीकडच्या मुलींच्या वसतिगृहातली ती दुपार मला आजही आठवते. तेव्हा मी सायबर शाखेत होतो.

अधीक्षिकाबाईंचा फोन आला. वसतिगृहाच्या इंटरनेटला नको त्या साइट अडवणारे फिल्टर होते. ते चुकवून, बाहेरच्या प्रॉक्सीमार्गे, कोणीतरी रोज कोयत्याचे व्हिडिओ पाहत होते. कोयता गँगचा बोलबाला होता ते दिवस. स्टेशन डायरीत नोंद केली आणि एक महिला हवालदार आणि शाखेतला तंत्रज्ञ यांना घेऊन निघालो. मुलींची ऑनलाइन सराव परीक्षा चालू होती, म्हणून नेट बंद न करताच तपास करायचा होता. तंत्रज्ञाने चालू नेटवरच संगणक हुडकला. दहावीतली मुलगी निघाली.

“नियम म्हणजे नियम. उद्याच घरी पाठवते,” अधीक्षिका म्हणाल्या. घरी होते कोण? आईबाप ऊसतोडीला गेलेले, दाराला कुलूप. पोरगी थेट उसाच्या फडात जाणार आणि शाळा सुटणार, हे उघड होते.

अधीक्षिका आणि महिला हवालदार यांच्या समोरच मी तिला विचारले, “कोयता कुणाचा?”

“आमचाच हाय, साहेब.”

माझ्यातला पोलीस सावध झाला. “कुठे ठेवलाय?”

“ठिवतोय कशाला? कारखान्यावर गेलाय. दिवाळीनंतर गेला, आता पाडव्याला यील.”

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे मला कोणी शिकवायला नको होते. माझे आईवडीलही एक कोयताच होते. खाकी चढली आणि कोयता म्हणजे हत्यार, एवढेच डोक्यात उरले.

टोळीचा मुकादम इंटरनेटवरच्या आपल्या पानावर फडातले व्हिडिओ टाकायचा. पानाच्या नावात कोयता, म्हणून फिल्टर अडवायचे. मुलीने एक लावून दाखवला. डोक्यावर उसाची मोळी घेऊन एक बाई अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढत होती.

“रोज कशाला बघतेस गं?”

“आई फळीवरनं खाली उतरंपर्यंत जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.”

अधीक्षिकांनी डोळ्यांना पदर लावला. घरी पाठवायचा विषय तिथेच संपला. तंत्रज्ञाने तेवढे पान मोकळे केले. शेजारच्या खोलीत परीक्षा चालूच राहिली.

शब्द ऐकला की आधी तो कोणाच्या तोंडचा आहे ते बघावे, हे मला त्या पोरीने शिकवले.

लहानपणी मी फाट्यावर बसून येणारे ट्रक बघायचो. आईचा साधा फोटोसुद्धा माझ्याकडे नाही, आणि या वयातही तिची फार आठवण येते. दुपारी मोबाईलवर मुकादमाचे ते पान उघडतो. बाई कोणाची का असेना, ती फळीवरून खाली उतरेपर्यंत जागचा हलत नाही.