‘सर, तिची पाळी आली’

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत जरा सावरून बसतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, गोदामांतून अख्खे ट्रक गायब होताना पाहिले. पण भर दुपारी, पंख्याखाली बसून, एका शाळकरी मुलीच्या तीन शब्दांनी मला जेवढा घाम फोडला तेवढा कुठल्या गुंडाने फोडला नाही. सांगतो. ऐकताना हसू आलं तर हसा, मलाही येतं. त्या दिवशी मात्र आलं नव्हतं.

भिवंडीच्या ग्रामीण भागात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गोदामांचा पट्टा, दिवसभर कंटेनर आणि धूळ. दुपारी एकच्या सुमारास रिक्षा स्टँडवरच्या आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. आवाज दबलेला.

“साहेब, एक रिक्षावाला सीट धुतोय. सीटवर रक्त आहे. मघाशी शाळेच्या ड्रेसातली पोरगी होती आत.”

फोन खाली ठेवतो तोच एका शाळेचे मुख्याध्यापक आणि त्यांच्यामागे गोदामात हमाली करणारा एक माणूस आत आले. त्या माणसाची तेरा वर्षांची मुलगी, इयत्ता आठवी, मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतलीच नव्हती. दप्तर बाकावर तसंच.

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की आम्ही थेट अपहरणाचा गुन्हा दाखल करतो. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली, कंट्रोल रूमला वर्णन गेलं, आणि वीस मिनिटांत माझी माणसं रिक्षावाल्याला रिक्षासकट घेऊन आली. पन्नाशीचा माणूस. पूर्वी कापडाच्या लूमवर होता, कानाने अधू झाल्यावर रिक्षा घेतली. शर्टाची बाही ओली.

“मुलगी कुठे आहे?”

“एस.टी. स्टँड पे छोड़ा साहब. रो रही थी.”

“रक्त कसलं?”

त्याची मान खाली.

“मी विचारतोय, रक्त कसलं?”

“साहब… वो… अब मैं क्या बोलूँ. बिटिया जैसी है.”

आता माझा त्या वेळचा सिद्धांत ऐका. मी नव्या फौजदारांना नेहमी सांगायचो, ‘जो नजर चुकवतो, त्याला सोडू नका.’ हा माणूस तर फरशीतच घुसायला निघाला होता. मी दोनदा आवाज चढवला. तिसऱ्यांदा हात उचलला. तो त्याच्या गालावर पडला, हे इथे लिहितो, कारण ते लपवलं तर पुढचं लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही. त्याला कोठडीत घातलं.

मग मुलीच्या मैत्रिणीला आणलं. ती मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. मी आवाजात होता नव्हता तेवढा मध ओतला.

“बाळ, घाबरू नकोस. काय झालं तिला?”

ती कुजबुजली, “सर, तिची पाळी आली.”

“कसली पाळी?”

“माहीत न्हाय सर. मोठ्या मुली बोलतात, आज तिची आली, उद्या तुझी. सगळ्यांची येते.”

माझ्या हातातलं पेन थांबलं.

“सगळ्यांची? शाळेतल्या सगळ्या मुलींची?”

“हो सर. एकेकीची. पण घरात कोणाला बोलायचं नसतं. पोरांना तर अजिबात न्हाय.”

वाचकहो, तुम्ही हसत असाल. मी त्या क्षणी काय ऐकलं ते लक्षात घ्या. रक्ताने भरलेली सीट, नजर चुकवणारा माणूस, गायब मुलगी, आणि शाळेतल्या मुलींचा एकेक करून नंबर लावणारं, तोंड बंद ठेवायला सांगणारं कोणीतरी. ती ‘तिला पाळी आली’ म्हणाली असती तर कदाचित माझ्याही डोक्यात उजेड पडला असता. ती म्हणाली ‘तिची’. त्या एका प्रत्ययाने मला आंतरराज्य टोळी दिसू लागली. मुख्याध्यापकांकडे पाहिलं तर ते भिंतीवरच्या नकाशाचा अभ्यास करत होते. मला वाटलं, हेही सामील! मी वरिष्ठांना लावायला फोन उचलला.

दारात आमच्या महिला हवालदार उभ्या होत्या. सोळा वर्षांची नोकरी, शब्द मोजून बोलणारी बाई.

“साहेब, जरा बाहेर या.”

“आत्ता नाही, टोळी आहे ही!”

“साहेब,” त्या म्हणाल्या, “टोळी न्हाय. पोरगी पहिल्यांदा बाहेरची झालीय. आणि तिला कोणी काय सांगितलेलं न्हाय.”

मी फोन ठेवला. मला दोन मुली आहेत. त्या क्षणी मला आठवेना, की त्यांना हे कोणी आणि कधी सांगितलं. (नंतर घरी विचारलं, तेव्हा बायको म्हणाली, “मी सांगितलं. तुम्ही बंदोबस्ताला होतात. तुम्ही कायम बंदोबस्तालाच असता.”)

हवालदारबाईंनी त्या मैत्रिणीला बाकावर शेजारी बसवलं, पाणी दिलं आणि पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. मुलीने शाळेच्या संडासात रक्त पाहिलं. मोठ्या मुली जिला ‘पाळी’ म्हणतात ती हीच, एवढं दोघींना उमगलं. पण ती काय असते, का येते, थांबते की नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आतून काहीतरी फुटलं आणि आता आपण मरणार. तिच्या मावशीला अंगावर खरूज झाली होती, ती वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करून बरी झाली होती. म्हणून ती निघाली कुंडावर. बरी व्हायला!

मुख्याध्यापकांनी मुलीचं दप्तर सोबत आणलं होतं, त्यातलं विज्ञानाचं पुस्तक मी उघडलं. शरीराच्या वाढीचा धडा होता. त्या पानांना चार पिना मारून ती एकमेकांना जोडून टाकली होती.

“हे काय आहे सर?”

मुख्याध्यापक नकाशावरून खाली उतरले. “तो भाग आम्ही घरी वाचायला सांगतो. वर्गात मुलं-मुली एकत्र असतात ना. शिक्षकांना अवघड होतं.”

“आणि पिना?”

“मुलांनी वाचू नये म्हणून.”

“मग घरी काय वाचायचं? पिना?”

ते पुन्हा नकाशाकडे वळले.

तिकडच्या ठाण्याला फोन केला. मुलगी कुंडाच्या पायरीवर सापडली. कमरेला ओढणी बांधून, पाय गरम पाण्यात सोडून, रडून रडून सुकलेली. शेजारी एक नारळवाली तिचा हात धरून बसली होती. हवालदारबाई जीप घेऊन गेल्या आणि चारच्या सुमारास तिला घेऊन आल्या. वाटेत त्यांनी तिला सगळं समजावलं होतं. जी मुलगी मरायला टेकल्यासारखी गेली होती, ती भेळ खात उतरली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ठाण्याच्या फाटकाबाहेर दीडदोनशे माणसं जमली होती. मोबाईलवर फिरलं होतं: पोरगी पळवली, सीटवर रक्त, माणूस आत आहे. त्यांना तो माणूस हवा होता. त्याची रिक्षा कोणीतरी आधीच आडवी केली होती.

मी पायरीवर उभा राहिलो. आवाज लावला. “मुलगी सुखरूप आहे. त्या रिक्षावाल्याचा काही दोष नाही.”

“मग रक्त कसलं, साहेब?”

आणि तीस वर्षं जमाव हाताळलेला मी म्हणालो, “ते… वैद्यकीय… म्हणजे नैसर्गिक स्वरूपाचं…”

“साहेब दाबतायत!” मागून ओरड आली. एक दगड नोटीस बोर्डावर येऊन लागला.

मी आत आलो. बाप हात जोडून म्हणाला, “साहेब, भायेर काय बोलू नका. आब्रू जाईल.” मुख्याध्यापक म्हणाले, “शाळेची बदनामी होईल.” आणि बाहेर जमाव असल्याने सोडता न आलेला तो माणूस कोठडीत कोपऱ्यात बसून होता. त्याला तीन मुली होत्या. सीट पाहताच त्याला सगळं कळलं होतं. मोठ्या साहेबासमोर कसं बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला होता. आता ठाण्यातल्या सगळ्यांनाच सगळं माहीत होतं, आणि तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं म्हणून त्या माणसाच्या जिवावर बेतलं होतं. माझ्या वहीत मुलीचं नाव गुप्त ठेवायचा नियम होता. गावाला मात्र ती कोणाची कोण हे पक्कं माहीत होतं.

मुलीची आई गोदामात पॅकिंगला होती, निरोप मिळताच तशीच ठाण्यात आली होती. गळ्यात कामाचं कार्ड तसंच लटकत होतं. मुलगी आल्यापासून ती तिला धरून बसली होती. ती मुलीकडे वळली.

“सांगू का गं?”

मुलीने तोंड पुसलं. “सांग ना आई. मॅडम बोलल्या, त्यात लाजायचं न्हाय.”

बाई सरळ पायरीवर गेली. मी अडवायला गेलो, तर तिने मला बाजूला सारलं.

“माझे पोरीला पाळी आली,” ती ओरडली. “पहिली पाळी. मी तिला काय सांगितलं न्हवतं, ती घाबरून पळाली. चूक माझी हाय. त्या माणसाने तिला रडताना बघून स्टँडला सोडली. अजून कोणाला काय इचारायचं हाय?”

मी लाठीमार पाहिला आहे, अश्रुधूर पाहिला आहे. इतक्या लवकर पांगलेला जमाव पाहिला नाही. माणसं स्वतःच्या चपला बघू लागली. कोणाला अचानक शिफ्ट आठवली, कोणाचा फोन वाजला, जो मला तरी ऐकू आला नाही. पाच मिनिटांत फाटकापाशी आडवी रिक्षा तेवढी उरली.

मी कोठडी उघडली आणि त्या माणसाची माफी मागितली. त्याने गालावरून हात फिरवला. “आपको भी मालूम नहीं था साहब,” एवढंच म्हणाला. त्याने मला माफ केलं की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रिक्षा मात्र आम्ही चौघांनी मिळून उभी केली.

पुढच्या आठवड्यात हवालदारबाई त्या शाळेत आठवी-नववीला शिकवायला गेल्या. मीही गेलो. मुख्याध्यापक दारातच म्हणाले, “मुलांना तेवढा वेळ मैदानावर सोडतो. खेळतील.”

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी माझ्या फाटकाबाहेर उभे होते त्यांच्यातले किती तुमच्या शाळेत शिकलेले? त्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं. “बरेच,” ते म्हणाले.

“त्यांनाही तुम्ही मैदानावरच सोडलं होतं ना?”

मुलं वर्गात बसली. आधी खिदळली, मग प्रश्न विचारू लागली. मी शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होतो.